माशीला माशी

इंदूताई मुळ्ये यांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाडीवरचा, गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. तरी रस्त्यावर मांडीएवढा बर्फ साचला तर तो गाडीने कसा लोटायचा, गाडीपुढचं पातं किती वळवायचं आणि ते पातं अडकलं तर समोर कुठला दिवा लागतो, हे त्या कुणालाही घडाघडा सांगत. रत्नागिरीत एवढी माहिती असलेल्या त्या एकट्याच असाव्यात. त्यांच्या खालोखाल मी, आणि माझ्या खालोखाल आमच्या ऑफिसखालच्या गोदामात आंबा भरणाऱ्या सात-आठ बायका.

संदेश नावाचा आमच्याच आळीतला मुलगा मुंबईत काही वर्षं कॉम्प्युटरची नोकरी करून परत आला होता. त्याने आंब्याच्या गोदामावरची खोली भाड्याने घेऊन पाच कॉम्प्युटर मांडले आणि मुंबईच्या एका कंपनीकडून काम आणलं. परदेशातल्या कंपन्या आपलं सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहिती इंटरनेटवर ठेवत. सुरू कसं करायचं, कुठलं बटण कशासाठी, अडलं तर काय करायचं, अशी शेकडो पानं. ती पानं उतरवायची, झाडूनपुसून एकामागे एक लावायची आणि त्यांचं इ-रीडरवर वाचायचं पुस्तक करायचं, हे आमचं काम. मी तेव्हा दोन मुलांची आई होते आणि टायपिंगच्या दोन परीक्षा पास होते, एवढ्यावर संदेशने मला घेतलं. पण आमच्या पुस्तकांत चुका राहायच्या आणि मुंबईहून बोलणी यायची. म्हणून त्याने तपासनीस हवा असा कागद खाली ऑफिसच्या पाटीशेजारी चिकटवला.

दुसऱ्या दिवशी साठी उलटलेल्या, नऊवारीतल्या, काचा जाड असलेला चष्मा लावलेल्या एक बाई जिना चढून वर आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "खाली पाटीवर 'डिजीटल' लिहिलंय. 'जी'ला दुसरी वेलांटी दिलीय, पहिली हवी. चिकटवलेल्या कागदावर आणखी दोन आहेत, त्या मी दुरुस्त करून आल्ये." संदेशने खिडकीतून वाकून पाहिलं. कागदावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्याने त्यांना पुढचं काही विचारलंच नाही.

इंदूताईंनी उमेदीची सगळी वर्षं एका छापखान्यात प्रुफं वाचण्यात घालवली होती. पतपेढ्यांचे अहवाल, देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिकं, कॉलेजचं इंग्रजी नियतकालिक, जे येईल ते. छापखाना बंद पडला तरी सवय बंद पडली नाही. गावात त्यांना लग्नपत्रिका द्यायला लोक बिचकत, कारण ती समासात खुणा होऊन परत येई. आमच्या शेजारच्यांच्या पत्रिकेत 'वधु' असं ऱ्हस्व छापलं होतं. ताईंनी पत्रिका परत पाठवली, शेवटी वधू दीर्घ होऊन नवी आली, तेव्हा कुठे त्या लग्नाला गेल्या. तिथे रुखवतावरच्या उखाण्यांतही त्यांना तीन चुका सापडल्या म्हणे. पण मुलीच्या आईकडे बघून त्या गप्प बसल्या, असं त्या स्वतःच मोठ्या मनाने सांगत.

त्यांच्या आयुष्याला एकच सल होता. त्यांनी तपासलेलं एकही पुस्तक बिनचूक निघालं नव्हतं. छापून आलं की पहिल्या पाच मिनिटांत चूक सापडायची आणि मग मागे शुद्धिपत्र जोडायचं. एकदा तर शुद्धिपत्रातच 'अशुध्द' असं चुकीचं छापलं गेलं आणि शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र काढायची पाळी आली. हे ऐकताना आम्ही हसायचो, त्या हसायच्या नाहीत. त्यांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर येणार नाही, आहे ती किती दिवस राहील तेही सांगता येत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "मला एक पुस्तक बिनचूक झालेलं बघायचंय. कसलं का असेना. मग डोळे गेले तरी चालेल."

ते पुस्तक बर्फाचं निघालं. कुठल्याशा थंड देशातल्या नगरपालिकांना बर्फ काढणाऱ्या गाड्यांची कामं लावून देणारं ते सॉफ्टवेअर होतं. गाडीत बसलेल्या माणसाला रानावनात इंटरनेट मिळत नाही, म्हणून त्याच्याजवळ इ-रीडर द्यायचा आणि त्यात सगळ्या सूचना पुस्तक करून घालायच्या. नमुन्यादाखल एक इ-रीडर आमच्याकडेही आला. करड्या पडद्याचं, शाळेच्या पाटीएवढं यंत्र. ताई त्याला पाटीच म्हणत. त्यावरची अक्षरं मोठी करता येतात हे बघून त्या हरखल्या. पण अक्षरं मोठी केली की पानं वाढतात आणि बेचाळिसाव्या पानावरचा मजकूर साठाव्यावर जातो, हे कळल्यावर पाटी खाली ठेवून बराच वेळ तिच्याकडे बघत बसल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं की ज्या पुस्तकाला ठरलेली पानं नाहीत त्याला शुद्धिपत्र जोडता येणारच नाही. पान अमुक, ओळ तमुक, असं लिहिणार कुठलं? तेव्हा हे पुस्तक पहिल्या झटक्यात बिनचूक व्हायला हवं, असं त्यांनी जाहीर केलं.

त्यांची कामाची तऱ्हा छापखान्यातली होती. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं. मी पडद्यावरचं वाचे, त्या आमच्या पुस्तकाची मोठ्या अक्षरांत छापून घेतलेली पानं तपासत. नुसते शब्द वाचून भागत नसे. "स्वल्पविराम, नवी ओळ, ठळक सुरू, डू नॉट लीव्ह द व्हेईकल, ठळक बंद, पूर्णविराम," असं सगळं हेल काढून म्हणायचं. मे महिना, डोक्यावर पत्रे, वीज गेलेली, कॉम्प्युटर बॅटरीवर कसेबसे चाललेले, आणि आम्ही दोघी घामाच्या धारा पुसत उणे वीस अंशांत गाडी कशी गरम करायची ते आरतीसारखं म्हणतोय. 'अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा' असं आलं की ताई कागदावर बोटाने टिचकी मारत, वाट बघत आणि म्हणत, "काही होत नाही."

खालच्या गोदामामुळे खोलीभर चिलटं घोंघावत. ती प्रुफांवर बसत आणि ताईंच्या नजरेला चिलट कुठलं आणि पूर्णविराम कुठला ते कळत नसे. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. ठिपका दिसला की हलकी फुंकर मारायची. उडाला तर चिलट, राहिला तर पूर्णविराम. मारायचं मात्र नाही. त्यांच्या हातून कधी मुंगी मेलेली मी पाहिली नाही. दुरुस्त्या कॉम्प्युटरवर करणारी मी, तेव्हा मलाही त्यांनी दोन नियम घालून दिले होते. पहिला, ठिपका दिसला की आधी फुंकायचं. दुसरा, प्रुफावर असेल ते उतरवायचं, डोकं चालवायचं नाही. "अर्थाच्या नादी लागू नकोस गो," असं त्या रोज बजावत. "अर्थ लागला की चूक दिसेनाशी होते." त्या स्वतः इतकी वर्षं अर्थ न लावता वाचत आल्या होत्या, आणि त्यावरच त्यांचं नाव होतं.

पण अर्थ खालून वर आला. आमचं वाचन फळ्यांच्या फटींतून गोदामात ऐकू जायचं. आंबा भरणाऱ्या बायकांत सुगंधा म्हणून एक होती, तिचा नवरा लोट्याला कारखान्यात पाळीवर जायचा. तिने एके दिवशी जिन्यात ताईंना अडवून विचारलं की तुम्ही दोघी त्या आपरेटरला रोज एवढं का ओरडता. ताईंनी तिला समजावलं की ऑपरेटर म्हणजे बर्फाची गाडी चालवणारा, आणि हे त्याच्यासाठीचं पुस्तक आहे. झालं, तेव्हापासून ऑपरेटर हा गोदामाच्या नात्यातला माणूस झाला. आखातात गेलेल्या भावाची करावी तशी त्या त्याची चौकशी करू लागल्या. त्याने डबा नेलाय का, त्याच्या गाडीत पंखा असतो का, त्याचं लग्न झालंय का, यातलं एकही पुस्तकात नव्हतं.

आणि मग ऑपरेटर अडकला. पातं अडकल्यावर काय करायचं त्या भागात बारावी पायरी अशी होती की लाल दिवा विझेपर्यंत गाडीतून उतरू नका. तेरावी, दहा मिनिटं थांबा. चौदावी, दिवा अजून लागलेलाच असेल तर पायरी बारावर परत जा. मी ते ठिपक्या-रेघांसकट वाचलं आणि ताईंचं बोट चौदावर थांबलं. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग चष्मा काढून म्हणाल्या, "म्हणजे हा उतरायचा कधी?"

मी म्हटलं, दिवा विझला की.

"आणि नाही विझला तर?"

नाही विझला तर बारा, तेरा, चौदा, पुन्हा बारा. आमच्याकडे कचेरीत दाखल्याला गेलं की या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात, तशातला प्रकार. फरक एवढाच की हा बाहेर बर्फ पडत असताना. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात सुरुवातीला एक छोटा भाग होता, क्रमांक १.२. त्यात लिहिलं होतं, काही सुचेनासं झालं तर नियंत्रण कक्षाला फोन करा, माणूस पाठवला जाईल. पण चौदाव्या पायरीवर बसलेल्याला तिकडे जायला कोणी सांगत नव्हतं.

संध्याकाळी सुगंधाने जिन्यात विचारलं, "आपरेटर सुटला काय वो ताई?" ताई नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. सुगंधा म्हणाली की तिच्या नवऱ्याची एकदा कंपनीची बस चुकली होती, तेव्हा तोही असाच रात्रभर फाटकाशी बसून होता, थांब म्हणून सांगितलं होतं म्हणून. त्यानंतर ताईंचं प्रुफात लक्ष लागेना. नजर चौदाव्या पायरीच्या पानावर जाऊन अडकायची.

त्यांनी संदेशला मुंबईला लिहायला लावलं. उत्तर आलं की आपल्या सूचनेबद्दल आभार, मजकूर जसा आहे तसाच घ्यावा. संदेशने हात जोडले. वेबसाइटवरच्यापेक्षा आपल्या पुस्तकात एक शब्द जरी वेगळा सापडला तरी सगळं काम परत येणार होतं आणि पुढचं मिळणार नव्हतं. पाच घरांची चूल त्यावर होती, त्यातली एक माझी. तो म्हणाला, ताई, मूळ मजकुराला पेन्सिल लावायची नाही एवढा शब्द द्या.

ताईंनी शब्द दिला. मग जागेवर येऊन मला पोथी उतरवणाऱ्याची गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक होतीच. मूळ पोथीत एक माशी चिरडून चिकटली होती. उतरवणाऱ्याने तिथवर आल्यावर एक माशी पकडली, मारली आणि आपल्या पोथीत नेमक्या त्याच अक्षरावर चिकटवली. माशीला माशी. "तसंच मागतायत हे," त्या म्हणाल्या. "देऊ या."

पुस्तक पुरं झालं. शेवटची प्रुफं माझ्याकडे आली. त्यांत ताईंच्या लाल खुणा अगदी थोड्या होत्या. चौदाव्या पायरीच्या पानावर एकही नव्हती. पण तिथे 'पायरी १२ वर परत जा' यातल्या १ आणि २ या आकड्यांच्या मध्ये स्पष्ट ठिपका होता, १.२ असा. दुरुस्ती असली की समासात खूण असते, ती इथे नव्हती. मला वाटलं, नजर अधू, खूण करायची राहिली असेल. डोकं चालवायचं नाही हा नियम मला पाठ होता. मी ठिपका उतरवला. फुंकायचं मात्र विसरले.

दोन आठवड्यांनी मुंबईहून निरोप आला की ठिकठिकाणची पानं ताडून पाहिली, एकही चूक आढळली नाही. संदेशने पेढे आणले. त्या पत्राची छापील प्रत ताईंनी मागून घेतली, तीत त्यांना एक स्वल्पविराम कमी सापडला, तो त्यांनी घातला आणि कागद घडी करून पिशवीतल्या पंचांगात ठेवला. मला वाटलं होतं त्या आनंदाने रडतील. त्या नुसत्या म्हणाल्या, "झालं हो एकदाचं." खाली जाऊन सुगंधाला मात्र त्यांनी सांगितलं की ऑपरेटर सुटला. गोदामातल्या बायकांनी त्या दिवशी आम्हांला एक पेटी आंबे दिले. मी समजले की ताईंनी बिचारीचं समाधान केलं.

दिवाळीनंतर ताईंची नजर आणखी उतरली आणि त्यांनी येणं थांबवलं. जानेवारीत मुंबईहून दुसरं पत्र आलं. तिकडे हिवाळा ऐन भरात होता. पातं अडकल्यावर गाडीत तासन्‌तास बसून राहिल्याच्या तक्रारी यंदा इ-रीडरवाल्यांकडून आल्याच नाहीत, असं कंपनीच्या ध्यानात आलं होतं. पुस्तकात पायरी १.२ असं आहे आणि वेबसाइटवर मात्र १२ राहून गेलं आहे, ही चूक लक्षात आणून दिल्याबद्दल ते आमचे आभारी होते. वेबसाइट आता पुस्तकाप्रमाणे दुरुस्त केली होती.

संदेशला काही कळेना. मी जुनी प्रुफं काढली, ते पान शोधलं, खिडकीत नेलं. १ आणि २ च्या मध्ये वाळून तपकिरी झालेलं, पंख असलेलं चिलट होतं. मी फुंकर मारली तर त्याचा एक पंख हलला. एका परक्या देशातल्या कंपनीने आमचं मेलेलं चिलट आपल्या वेबसाइटवर चिकटवलं होतं. संदेश खुर्चीवरून पडेपर्यंत हसला. मला हसू येईना. ज्या बाईने जन्मभर एका बिनचूक पुस्तकाची वाट पाहिली, तिच्या पुस्तकात मी चिलट छापलं होतं. मी संदेशला शपथ घातली की हे ताईंना कळता कामा नये.

ते गुपित मला चार महिन्यांपलीकडे पेललं नाही. मे महिन्यात कंपनीने कळवलं की नमुन्याचा इ-रीडर परत नको, आणि संदेश म्हणाला की ताईंना देऊन ये. भाट्याच्या पुलापलीकडे त्यांचं घर. ओटीवर बसल्या होत्या, आतल्या खोलीत आंबे पिकायला पेंढ्यात अढी लावलेली, तिचा वास बाहेरपर्यंत. पाटी हातात देताच त्यांनी अक्षरं वाढवायला लावली. वाढवता वाढवता पडद्यावर एकेक शब्द मावू लागला, तेव्हा कुठे त्यांना दिसलं. पाटीत पुस्तक एकच होतं, बर्फाचं. त्यांनी नाकाला लावून वाचायला सुरुवात केली. "डू," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं. "नॉट." पुन्हा बटण. मला राहवेना.

मी सांगून टाकलं की ताई, या पुस्तकात एक चूक राहिलीय, माझ्या हातून. चौदाव्या पायरीतला तो ठिपका ठिपका नव्हता. माशी होती.

"चिलट," त्या म्हणाल्या. "माशी केवढी असते. दोन आकड्यांच्या मध्ये मावेल होय?"

त्यांनी पाटी मांडीवर ठेवली आणि पदराने चष्मा पुसायला घेतला. संदेशला शब्द दिला होता पेन्सिल लावणार नाही म्हणून, आणि पेन्सिल लावलीच नाही, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. पहिलं चिलट समासात गेलं. दुसरं एकाच्या डोक्यावर बसलं, ते पान पुन्हा छापून घ्यावं लागलं. तिसरं बरोबर मध्ये आलं. "तू फुंकशील की काय, एवढीच भीती होती," त्या म्हणाल्या. "तीन जीव गेले हो माझ्या हातून. शनिवारी मारुतीला तेल घातलं."

"आणि तुमचं बिनचूक पुस्तक?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला खरोखर राग आला होता त्यांचा, आणि रडूही येत होतं.

त्यांनी चष्मा लावला. "राहिलं," त्या म्हणाल्या. मग पाटी पुन्हा उचलून, "तो मेला तिकडे बर्फात बसून होता ना गो. सुगंधा रोज विचारायची. तिला काय सांगणार, पुस्तक बिनचूक आहे म्हणून?"

मी चहा घेऊन निघाले. अंगणाच्या फाटकाशी, बेड्याशी येऊन मागे वळून पाहिलं. ताईंनी पाटी पुन्हा नाकाशी धरली होती आणि एकेक शब्द पुढे सरकत होत्या. अढीवरनं उठलेलं एक चिलट पडद्यावर येऊन बसलं असावं, कारण त्या थांबल्या आणि त्यांनी हलकी फुंकर मारली. बघत राहिल्या. पुन्हा एकदा मारली. या खेपेला राहिला तो ठिपका पूर्णविराम असणार, कारण त्या वाचायच्या थांबल्या, क्षणभर टेकल्या आणि मग त्यांनी पुढचं पान उलटलं.